ड्रायसूटमध्ये कुठला गॅस भरायचा? हवा, आर्गॉन आणि उद्यमबागेतला निळा सिलेंडर

आमच्या बेळगावातल्या वडगावचा एक दोस्त सध्या नॉर्वेत असतोय, आणि गेल्या हिवाळ्यापासून त्याला डायव्हिंगचं खूळ लागलंय. मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "आर्गॉनचा सेट घेऊ का बे? इथं सगळे म्हणालेत की आर्गॉन भरला की थंडीच वाजत नाही." आता ह्याला दोन ओळीत काय सांगायचं, म्हणून बसून सगळं लिहिलं. आपल्या भागातली बरीच पोरं आता जर्मनी, नॉर्वे, स्कॉटलंड असल्या ठिकाणी कामाला आहेत आणि वीकेंडला पाण्यात उतरायला लागलीयत, त्यांनाबी उपयोग होईल.

मी मूळचा शहापूरचा, नोकरी जर्मनीत, बोडनझेच्या जवळ. बोडनझे म्हणजे मोठ्ठं तळं, अडीचशे मीटरपर्यंत खोल, आणि खाली गेलं की बारा महिने पाणी ४-५ डिग्री. गोडं पाणी ४ डिग्रीला सगळ्यात जड होतंय ना, त्यामुळं तेच तळाला जाऊन बसतंय, वर जुलैचं ऊन असू दे नाहीतर जानेवारीचा बर्फ. आपल्याकडं मालवणला नाहीतर मुर्डेश्वरच्या नेत्राणीला ज्यांनी डाइव्ह मारलीय त्यांना हे पटकन समजणार नाही, तिथं २७-२८ डिग्रीचं पाणी, पातळ वेटसूट घातला तरी काम भागतंय, ड्रायसूट हा शब्दच कुणी काढत नाही. तिथं डाइव्ह करणाऱ्यांनी हे वाचायचं तर टाइमपास म्हणून वाचा.

ड्रायसूट म्हणजे मान आणि मनगट सीलनं बंद केलेला सूट, आत पाणी येत नाही, आत तुम्ही कोरडे, अंगात जाड अंडरसूट. खाली जाईल तसं पाण्याचं प्रेशर सूट अंगावर आवळत जातंय, मग छातीवरच्या बटणानं थोडा थोडा गॅस आत सोडायचा, वर येताना दंडावरच्या व्हॉल्व्हमधून तो बाहेर काढायचा. ह्या छातीवरच्या बटणाला होस कुठल्या बाटलीतून लावायचा, एवढाच आपला प्रश्न आहे.

पण आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या. ऊब गॅस देत नाही. गॅस फक्त तुमची ऊब बाहेर पळू देत नाही, तीबी तो एका जागी अडकून बसला तरच. आज्जीची वाकळ आठवा. जुनी लुगडी एकावर एक घालून शिवलेली, नवीन असताना जाड आणि गरम, पण आठ-दहा वर्षं वापरून चपटी झाली की तीच वाकळ, तेच कापड, पण डिसेंबरात पहाटे पाय गार पडतात. कापड तेवढंच आहे, थरांमधली हवा गेलीय. अंडरसूटचं अगदी तसंच. तो फुगीर राहिला तर आत गॅस अडकतो, दबला की संपलं, मग त्यात हवा असू दे नाहीतर आर्गॉन.

आता आकडे, एकदाच सांगतो. उष्णता किती वाहून नेतो हे बघितलं तर हवा म्हणजे २६ धरा, मिलिवॉट वगैरे युनिट जाऊ दे. नायट्रोजन तेवढाच २६, ऑक्सिजन पण जवळजवळ तेवढाच. आर्गॉन १८. कार्बन डायऑक्साइड १६-१७. आणि हेलियम १५०. पाणी ६००. म्हणजे आर्गॉन हवेपेक्षा तीसेक टक्के चांगला, आणि हेलियम हवेच्या पाच-सहा पट वाईट. ह्या दोन फरकांतला मोठा कुठला ते बघा. लोक चर्चा करतात २६ आणि १८ ची, आणि चूक होते १५० मध्ये.

नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा (३२ म्हणजे ३२ टक्के), हवेसारखाच हे पण इथंच लक्षात ठेवा, कारण "नायट्रॉक्स ३२ सूटमध्ये चालतो का" असं दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंय. चालतो. ऊबेच्या दृष्टीनं काडीचा फरक नाही. सिंगल टाकी, हवा नाहीतर नायट्रॉक्स, ३०-४० मीटरच्या आतली डाइव्ह असेल तर पाठीवरच्या टाकीतूनच सूटला होस लावा आणि गॅसचा विषय सोडून द्या. ड्रायसूटवाल्या दहातल्या नऊ जणांना हे लागू आहे, त्यांनी बाकीचं वाचायच्या ऐवजी खाली अंडरसूट आणि हातमोजांबद्दल लिहिलंय तिथं जावा.

हेलियमची चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ट्रायमिक्सचं शिकत होतो, पाठीवर डबल टाकी, त्यात १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम आणि बाकी नायट्रोजन. खोल जाताना नशा चढू नये म्हणून हेलियम मिसळतात. सूटसाठी वेगळी छोटी बाटली होती, पण त्या दिवशी सकाळी बघतो तर ती भरायची राहिलेली, काट्यावर ३० बार. आता गाडी काढून दीडशे किलोमीटर आलेलो, पार्टनर तयार होऊन उभा, मी म्हटलं जाऊ दे की, एक दिवसानं काय होतंय, आणि सूटचा होस पाठीवरच्या टाकीला जोडला. खाली जाताना पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हाच कळलं. नेहमी गॅस आत आला की छातीवरचं आवळणं सुटतंय आणि बरं वाटतंय, इथं छातीवर कुणीतरी ओला टॉवेल टाकावा तसं गार. पन्नास मीटरवर वीस मिनिटं कशीबशी निघाली, कारण पाय मारत होतो, अंगात हालचाल होती. खरी मजा वर येताना डेकोत, म्हणजे अंगात मुरलेला गॅस हळूहळू बाहेर पडावा म्हणून वाटेत थांबायचं असतंय त्यात. ६ मीटरला दोरीला धरून नुसतं लटकायचं, हालचाल शून्य, आणि दात असे वाजत होते की रेग्युलेटर तोंडात धरायला एक हात लावावा लागला. पंधरा मिनिटं राहिलेली ती मला तिकडून बेळगावला एसटीनं येण्याएवढी वाटली. वर आलो तेव्हा बोटांनी बकल उघडेना, पार्टनरनं उघडून दिलं. तो काही बोलला नाही, पण बघत होता ते पुरे होतं.

४५ टक्के हेलियमच्या मिक्सची उष्णता नेण्याची ताकद हवेच्या दुपटीच्या आसपास जाते. म्हणजे अंडरसूट अर्धा काढून ठेवल्यासारखंच झालं ते. त्यात आणि एक भानगड. तुम्ही नायट्रोजनवाला गॅस श्वासातून घेताय आणि अंगाभोवती सूटमध्ये हेलियम भरलाय, अशा वेळी हेलियम कातडीतून आत शिरतो आणि नायट्रोजन त्या वेगानं बाहेर पडत नाही, त्यानं कातडीला खाज, चट्टे असले प्रकार होऊ शकतात. डेकोत तुम्ही नायट्रॉक्सवर स्विच केलेलं असतंय, म्हणजे नेमकी हीच परिस्थिती. तेव्हा हेलियमवाला कुठलाच गॅस सूटमध्ये नको. रिब्रीदरवाल्यांनी (सोडलेला श्वास साफ करून परत वापरणारं यंत्र) पण ऐकून घ्या, डायल्युएंटमध्ये, म्हणजे त्यात मिसळायच्या गॅसमध्ये, हेलियम असेल तर सूटचा होस तिथून नाही.

मग ट्रायमिक्सवाल्यानं काय करायचं? छोटी वेगळी बाटली, एक ते दीड लिटरची, आणि त्यात... साधी हवा. होय, हवाच. हेलियमवरून हवेवर आलात तेव्हाच फायद्याचा मोठा घास तुमच्या पदरात पडलाय. तिथून आर्गॉनवर जाणं म्हणजे जेवण झाल्यावर वरून कुंदा. मिळाला तर चांगलंच, नाही मिळाला म्हणून उपाशी कोण राहत नाही. हवा क्लबच्या कॉम्प्रेसरवर कधीबी भरून मिळतीय, आर्गॉनसाठी सिलेंडर भाड्यानं घ्या, अडॅप्टर बघा, रिकामा झाला की पळा.

आर्गॉनबद्दल मी एवढं थंडपणे बोलतोय त्याचं कारण आहे. कागदावर तीस टक्के, पण पाण्यात तेवढं हाती लागत नाही. अंडरसूटमधून उष्णता जाते ती गॅसमधूनच जाते असं नाही, धाग्यांतून जाते, जिथं कापड दबलंय तिथून थेट जाते, डोकं आणि हातातून जाते, आणि श्वासातून जाते, खोल गेलं की श्वासाचा गॅस घट्ट होतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर जास्त उष्णता बाहेर. ह्यातल्या कशावर सूटमधल्या आर्गॉनचा इलाज चालत नाही. नॉर्वेत २००१ मध्ये आणि नंतर २०१३ मध्ये डच नेव्हीच्या डायव्हरांवर अभ्यास झाले, दोन्हीत आर्गॉन आणि हवा यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. उलट अमेरिकेत २००८ मध्ये सूट नीट फ्लश करून, म्हणजे आतली हवा आर्गॉननं धुऊन काढून, मोजलं तेव्हा इन्सुलेशनमध्ये फायदा दिसला. मला दोन्ही खरं वाटतंय. आर्गॉन खोटा नाही, पण तो सूटमध्ये खरोखर किती भरला जातो त्यावर सगळं आहे.

मी आणि पार्टनरनं एक हिवाळा गंमत केली. सारख्याच दोन बाटल्या, एकात हवा, एकात आर्गॉन, आणि कुणाच्या पाठीला कुठली हे तिसरा मित्र ठरवणार आणि डाइव्ह झाल्यावर सांगणार. (हे करायचं तर बाटलीवरचं लेबल झाकायचं नाही, फक्त तुम्ही बघायचं नाही, कारण इमर्जन्सीत दुसऱ्याला ते दिसलं पाहिजे.) आठ डाइव्ह झाल्या. मी चार वेळा बरोबर ओळखलं, चार वेळा चुकलो. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. आणि चुकलो त्यातल्या एकदा मी छातीठोकपणे सांगितलेलं, की आज शंभर टक्के आर्गॉन, अंग बघा कसं गरम आहे. हवा होती. आदल्या रात्री नवीन लोकरीची बनियन घातलेली ती विसरलो होतो.

आता एवढं सगळं ऐकूनबी ज्याला आर्गॉन लावायचाच आहे, त्याच्यासाठी. आणि काही जणांनी लावावाच, म्हणजे ४-५ डिग्रीचं पाणी, दीड-दोन तासांची डाइव्ह, त्यातली बरीच डेकोत लटकून, आणि अंडरसूट आधीच सगळ्यात चांगला घेतलेला. तिथं थोडा थोडा फायदापण मोलाचा.

हा फ्लशचा प्रकार मला कळला तो डायव्हिंगच्या पुस्तकातनं नाही, बेळगावात, कारखान्यांच्या उद्यमबागेत. सुट्टीवर आलो की आत्तेभावाच्या शॉपवर जाऊन बसतो, तिथं स्टेनलेस पाइपचं टिग वेल्डिंग चालतंय. कोपऱ्यात आर्गॉनचा निळा सिलेंडर साखळीनं भिंतीला बांधलेला, फ्लोमीटरमधली गोळी दहा लिटरच्या आसपास तरंगत. मी म्हटलं, दादा हाच गॅस आम्ही पाण्याखाली अंगात भरतोय. तो मास्क वर करून बघायलाच लागला. "पाण्यात बुडायला आर्गॉन कशाला लागतंय बे तुला? खाली वेल्डिंग करालास काय?"

मग त्यानं दाखवलं. स्टेनलेस पाइपला बाहेरून वेल्ड मारताना आतल्या बाजूला हवा लागली की ते काळं, खरबरीत होऊन फुलतंय, म्हणून पाइपच्या आत पण आर्गॉन भरावा लागतोय. दोन्ही तोंडांना टेप मारायची, एका बाजूनं खालच्या अंगाला गॅसची नळी, दुसऱ्या बाजूला वरच्या अंगाला सुईएवढं भोक. आर्गॉन हवेपेक्षा जड, तो खाली बसत जातो आणि हवा वरच्या भोकातून बाहेर. "आणि एकदा भरलं म्हणजे झालं असं नाही," दादा म्हणाला, "पाइपात मावतंय त्याच्या चार-पाच पट सोडायला लागतंय, तवा कुठं आतली हवा जातीय. घाई केलास की वेल्ड काळं. जोरात सोडलास तरी काळं, सगळं घुसळून जातंय."

सूटचं गणित तेच. पाण्यात उतरायच्या आधी, काठावर. व्हॉल्व्ह उघडा ठेवून खाली बसा, गुडघे पोटाशी घ्या, हातानं सूट दाबून जेवढी हवा काढता येईल तेवढी काढा. तरी अंडरसूटमध्ये दहाएक लिटर हवा राहतीयच. मग दंडावरचा व्हॉल्व्ह बंद करून आर्गॉन भरा, दहाएक लिटर, सूट थोडा फुगेपर्यंत, हात हलवा, वाका, म्हणजे तो पायापर्यंत जाईल. परत व्हॉल्व्ह उघडा, बसा, दाबा. एका वेळेला आतली अर्धी हवा जाते. म्हणजे पहिल्यांदा ५० टक्के हवा उरली, दुसऱ्यांदा २५, तिसऱ्यांदा साडेबारा. तीन वेळा पुरे. बटण सावकाश, थोडं थोडं, दादाच्या पाइपासारखं.

ह्यात एक गंमत आहे जी मला पुष्कळ उशिरा सुचली. समजा फ्लश केलाच नाही. सूटमध्ये दहा लिटर हवा घेऊन खाली गेलात. ३० मीटरला प्रेशर ४ बार, ती दहा लिटर हवा दाबून अडीच लिटर झाली, बाकीचे साडेसात लिटर तुम्ही आर्गॉननं भरले. म्हणजे फ्लश न करताच खाली ७५ टक्के आर्गॉन. १० मीटरला ५० टक्के. त्यामुळं खोल डाइव्हला फ्लश नाही केला तरी आभाळ कोसळत नाही, पण उथळ डाइव्हला आर्गॉन बांधून फ्लश न करणं म्हणजे निव्वळ बाटली फिरवून आणणं. आणि एकदा खाली आर्गॉन भरला की वर येताना जो गॅस बाहेर पडतो तो मिक्स झालेलाच पडतो, म्हणजे डेकोत, जिथं खरी गरज असते, तिथं तुमच्या अंगाभोवती बऱ्यापैकी आर्गॉन असतो, फक्त वर-खाली करत बसू नका.

बाटली केवढी? हिशेब करा. तीन फ्लश तीस लिटर, ४० मीटरपर्यंत वाढलेल्या चार बारसाठी दहा-दहा लिटर म्हणजे चाळीस, वरखाली झालं तर धरा आणि तीस. शंभर लिटर. एक लिटरची बाटली २०० बारला भरली तर दोनशे लिटर. पुरून उरतंय.

त्या छोट्या बाटलीच्या फर्स्ट स्टेजला, म्हणजे बाटलीच्या तोंडावर प्रेशर कमी करणारा भाग असतो त्याला, रिलीफ व्हॉल्व्ह पाहिजे, ही गोष्ट कुणी सांगत नाही. नेहमीच्या सेटमध्ये फर्स्ट स्टेज बिघडून प्रेशर चढायला लागलं तर तोंडाचा रेग्युलेटर आपोआप गळायला लागतो आणि प्रेशर निघून जातं. इथं तोंडाचा रेग्युलेटरच नाही, नुसता सूटचा होस. प्रेशर जाणार कुठं? होस फुटणार नाहीतर छातीवरचा इन्फ्लेटर (तेच बटण) उघडून सूट फुग्यासारखा. मला एका दुकानात हा सेट व्हॉल्व्हशिवाय विकलेला, काउंटरवरचा माणूस म्हणाला इतकी वर्षं विकतोय, काही झालेलं नाही. मी घरी येऊन वेगळा घेऊन लावला. छोटा पार्ट आहे, किंमत होसपेक्षापण कमी.

आणि तोंडाचा रेग्युलेटर त्या बाटलीला कधीच लावायचा नाही, "इमर्जन्सीला असू दे" म्हणून पण नाही. शुद्ध आर्गॉनमध्ये ऑक्सिजन शून्य. दोन-चार श्वासांत माणूस बेशुद्ध होतोय, गुदमरल्यासारखं पण वाटत नाही, कारण शरीराला कार्बन डायऑक्साइड साठला तरच गुदमरल्याचं कळतंय, आणि तो तर बाहेर पडतोयच. दादाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत, टाकीत उतरून वेल्डिंग असेल तर ते लोक आधी ब्लोअर लावतात आणि वर एक माणूस उभा करतात. बाटलीवर मोठ्या अक्षरात आर्गॉन असं दोन्ही बाजूंनी, जिथं डाइव्ह करताय तिथल्या भाषेत. युरोपात सिलेंडरच्या खांद्याचा रंग आर्गॉनला गडद हिरवा, हेलियमला तपकिरी, ऑक्सिजनला पांढरा, आपल्याकडं आर्गॉनचा सिलेंडर निळा. रंगावर विश्वास टाकून मोकळं होऊ नका, लेबल वाचा.

वेल्डिंगचा आर्गॉन चालतो का, हे पण विचारतात. शुद्ध टिगवाला चालतो, तो ९९.९९ टक्क्यांच्या पुढं शुद्धच असतोय. पण मिग वेल्डिंगला वापरतात तो आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिक्स असतंय, १८-२० टक्के, ते घेऊ नका. कार्बन डायऑक्साइडचा आकडा वर बघितलात ना, आर्गॉनपेक्षा चांगला, म्हणून कुणाच्या तरी डोक्यात येतंयच की तोच भरू. पण घामाबरोबर तो आंबट होतो, सोड्याच्या पाण्यासारखा, आणि कातडी लाल होते. सिलेंडरवर काय लिहिलंय ते वाचून घ्या, दुकानदार "सगळं एकच" म्हणेल. आणि घरी स्वतः मोठ्या सिलेंडरमधून छोट्यात भरायचे उद्योग करू नका, ज्याच्याकडं लायसन्स आणि नळ्या आहेत त्याच्याकडून भरून घ्या. आत्तेभावानं "इथूनच भरून देऊ काय, घेऊन जा" म्हटलेलं, त्याला विमानाचं सांगितलं, भरलेली बाटली सामानात नेता येत नाही. मग त्यानं करदंटचा डबा दिला.

ऑक्सिजन जास्त असलेला गॅस, म्हणजे डेकोची ५० टक्केवाली नाहीतर शुद्ध ऑक्सिजनची बाटली, तिथून सूट भरू नका. ऊब जास्त मिळत नाही आणि श्वासाचा गॅस वाया. वर अंगात बॅटरीचा गरम होणारा वेस्ट असेल तर ऑक्सिजन कोंडलेल्या सूटमध्ये वायर तापवणं म्हणजे आपल्या हातानं आग बोलावणं.

आता गॅस सोडून खरं काम. जे पैसे आर्गॉनच्या सेटवर जाणार होते ते इथं लावा.

अंगाला चिकटून लोकर नाहीतर सिंथेटिक, कापूस अजिबात नाही. आपल्या सुती बनियनवर कितीबी जीव असू दे, घामानं एकदा ओली झाली की ती गार फडकं. वर फुगीर अंडरसूट, जो दाबला तरी परत फुगतो, आणि सूट घालून हात वर करता आला पाहिजे, डोक्यामागच्या टाकीच्या व्हॉल्व्हला पोचला पाहिजे. तंग असेल तर सगळं दबतंय आणि वाकळीची गोष्ट परत.

पोटाकडं लक्ष द्या. आडवं होऊन पोहताना गॅस वर पाठीकडं जातो, आणि पोटाच्या बाजूला पाण्याचं प्रेशर जास्त, तिथला अंडरसूट चपटा. पाठ गरम, पोट गार, असं होतंय आणि लोक गॅसला शिव्या घालतात. एक बिनबाह्यांचा जाड वेस्ट वरून घातला की ह्यावर निम्मं काम होतंय. मी तेच करतो.

गॅस किती भरायचा? आवळणं जाईल एवढाच. जास्त भरून "फुगलो म्हणजे गरम" असं नाही, जास्तीचा गॅस पायाकडं पळतो आणि तुम्ही उलटे वर. आणि बटण थोडं थोडं दाबा, गार पाण्यात जोरात लांब दाबलं तर इन्फ्लेटर गोठून उघडाच राहू शकतो. होस एका हातानं, हातमोजे घालून, न बघता काढायची प्रॅक्टिस पाण्यात जायच्या आधी करा. ही प्रॅक्टिस मी अजून दर सीझनला करतो.

हात सगळ्यात आधी जातात. ४ डिग्रीला ओल्या हातमोजात वीस मिनिटांनी बोटं ऐकेनाशी होतात, आणि बोटं ऐकत नसली की व्हॉल्व्ह बंद करता येत नाही, रील सोडता येत नाही, म्हणजे ऊबेचा प्रश्न आता जिवाचा झाला. ड्राय ग्लोव्ह घ्या, आणि मनगटाच्या सीलखालून एक जाडसर दोरीचा तुकडा घाला म्हणजे सूटमधला गॅस हातमोजात जातो, नाहीतर खाली गेलं की हातमोजा आवळून बोटांना चिकटतो आणि परत गार. डोक्याला ७ मिलिमीटरचा हूड. पाणी प्या. सूटमध्ये लघवीसाठी व्हॉल्व्ह बसवा, लाजू नका, जे "धरून बसतात" ते पाणी कमी पितात आणि त्याचा त्रास डेकोला.

बॅटरीच्या गरम वेस्टबद्दल एक गोष्ट आर्गॉनपेक्षा महत्त्वाची. अमेरिकन नेव्हीनं २००७ मध्ये दाखवलं, की खाली असताना गरम आणि डेकोत गार राहिलं तर बेंड्स (अंगातल्या गॅसचे बुडबुडे होऊन होणारा आजार) होण्याचं प्रमाण वाढतं, आणि उलट, खाली जरा गार आणि डेकोत गरम राहिलं तर कमी होतं. खाली गरम असताना रक्त जोरात फिरतं, गॅस अंगात भरपूर शिरतो, आणि मग डेकोत गार पडलात की तो बाहेर यायला तयार नाही. म्हणून बॅटरीचा वेस्ट असेल तर तो खाली फुल्ल करून डेकोत बॅटरी संपली असं होऊ देऊ नका. खाली बंद नाहीतर कमी, वर येताना वाढवा. आर्गॉनचं पण तेच समजा, तुम्हाला ऊब पाहिजे ती शेवटच्या अर्ध्या तासाला.

नॉर्वेवाल्या दोस्ताला मी शेवटी लिहिलं, आधी हातमोजे आणि वेस्ट घे, सिंगल टाकीवर आहेस, हवा चालू दे. त्याचा रिप्लाय आला, "मग आर्गॉनचा सेट ऑर्डर केलाय तो काय करू?" रिलीफ व्हॉल्व्ह आहे का बघ म्हटलं. नव्हता.